पाच जणांत एक मोबाइल

‘हल्ली प्रत्येक मुलाच्या हातात कॅमेरा असतो. दिवसभर काही ना काही शूट करतच असतात. मग चित्रपटाच्या शिबिरात तुम्ही त्यांना शिकवता तरी काय?’ हा प्रश्न पालक विचारतात, शिबिरासाठी खोली मागायला गेले की खोलीवाले विचारतात, आणि परवा तुम्हीही विचारलंत. तेव्हा उभ्या उभ्या दिलेलं उत्तर माझं मलाच अपुरं वाटलं, म्हणून आज बसून लिहिते आहे.

पहिल्या दिवशी आम्ही पाच-पाच जणांचे गट करतो आणि गटाला एकच मोबाइल देतो. उरलेले चार पिशवीत जातात. कोणाचा मोबाइल वापरायचा यावरून पहिलं भांडण होतं आणि ते मी सोडवत नाही. एकट्याच्या हातात मोबाइल असला की मनात आलं आणि बटण दाबलं, मध्ये काही घडतच नाही. पाच जणांत एक असला की दाबण्याआधी बोलावं लागतं. इथून शॉट का घ्यायचा? ती उठून जाताना दाखवायची, की नुसती रिकामी खुर्ची? आवाज कोण बघणार? आजवर जे बोटाने ठरत होतं ते आता शब्दांत मांडावं लागतं आणि दुसऱ्याला पटवावं लागतं. दर दिवशी कामं बदलतात, त्यामुळे काल हुकूम सोडणारा आज खांद्यावर स्टँड घेऊन चालतो. खरं तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आलं. पुढचं सगळं याच्याच आधाराने चालतं.

पहिला सराव एक मिनिटाचा. मोबाइल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवून ठेवायचा. हलवायचा नाही, झूम करायचं नाही, मध्ये थांबवायचं नाही. हा सराव अनेक ठिकाणी करून घेतात आणि त्याचं मूळ सिनेमाच्या जन्माशीच आहे. ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली पॅरिसमध्ये तिकीट लावून जे चित्रपट दाखवले ते पन्नास सेकंदांच्या आसपासचे होते, कारण त्यांच्या कॅमेऱ्यात साधारण १७ मीटर फिल्म मावायची. हाताने दांडा फिरवत सेकंदाला सोळा चित्रं घेतली की रीळ संपलं. त्यामुळे कॅमेरा कुठे ठेवायचा आणि कधी सुरू करायचा, हे आधीच ठरवणं भाग होतं. हे सांगितलं की मुलं त्या मिनिटाला जरा मान देतात. तरी विसाव्या सेकंदाला बोट स्क्रीनकडे वळतंच. ‘ताई, काही होतच नाहीये.’ मी म्हणते, थांब. मग दारातून कोणीतरी डोकावतं, पडदा हलतो, एखादं लहान मूल मध्येच येऊन लेन्सकडे बघत राहतं. संध्याकाळी सगळ्यांची मिनिटं मोठ्या पडद्यावर लावली की जो तो दुसऱ्याच्या मिनिटातली अशीच एखादी गोष्ट दाखवत असतो.

उजेडाचं थोडक्यात आटपते. चेहरा खिडकीकडे, पाठ खिडकीकडे नको, आणि स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश बांधून टाकायचा. एवढ्यावर निम्म्या अडचणी सुटतात.

आवाजावर मात्र मी सर्वांत जास्त वेळ देते, आणि तोही कमीच पडतो असं मला वाटतं. चित्र थोडं हललं, थोडं काळवंडलं तरी माणसं बघतात. बोलणं कळेनासं झालं की उठून जातात. मोबाइलचा माइक जवळचं आधी उचलतो, त्यामुळे चार पावलांवर बोलणाऱ्या माणसापेक्षा मोबाइल धरणाऱ्याचा श्वास मोठा ऐकू येतो. म्हणून पिशवीतला दुसरा मोबाइल बाहेर निघतो, फक्त आवाजासाठी. कॉल येऊ नये म्हणून फ्लाइट मोडवर टाकायचा, रेकॉर्डर चालू करायचा आणि बोलणाऱ्याच्या खिशात ठेवायचा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी. चित्रात तळवे भिडतात ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातलं उंच टोक एकावर एक आणलं की ओठ आणि शब्द जुळतात. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यासमोर आपटतात ती पाटी, म्हणजे क्लॅपबोर्ड, याच कामाचा असतो हे कळतं तेव्हा मुलं पुन्हा पुन्हा टाळ्या वाजवून बघतात.

मग खोलीचा आवाज. शूटिंग संपलं की कोणी जागा सोडायची नाही, सगळ्यांनी गप्प उभं राहून तीस सेकंद नुसती ती जागा रेकॉर्ड करायची. संकलनात, म्हणजे एडिटिंग करताना, दोन वाक्यांमधली फट याच आवाजाने भरतात. तिथे कोरी शांतता टाकली तर आवाजाला भोक पडल्यासारखं होतं. एकदा ती तीस सेकंदं संपल्यावर, एरवी क्षणभर गप्प न बसणारा एक मुलगा म्हणाला, ‘इथला पंखा आवाज करतो हे मला आज कळलं.’ त्या खोलीत तो दोन वर्षं येत होता.

माझी एक चूकही सांगायला हवी. सुरुवातीच्या एका शिबिरात एका गटाने एका वयस्कर गृहस्थांची मुलाखत घेतली. बोलता बोलता ते थांबले, डोळे भरून आले, त्यांनी मान वळवली. मोबाइल धरलेल्या मुलीने तो खाली घेतला. मी मागून खूण केली, चालू ठेव. शॉट विलक्षण आला होता आणि आम्ही तो ठेवला. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर दाखवला तेव्हा ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. काही बोलले नाहीत, कार्यक्रम संपायच्या आत निघून गेले. त्या मुलीने तेव्हा माझ्याकडे कसं बघितलं ते मी विसरलेले नाही. तिला आपसूक जे कळलं होतं ते मी शिकवण्याच्या भरात मोडून काढलं होतं.

तेव्हापासून ज्यांचं चित्रण केलं त्यांना कच्चं संकलन आधी दाखवतो, तेही त्यांच्या घरी, चारचौघांत नाही. ‘हे काढा’ म्हणाले तर काढायचं, कारण विचारायचं नाही. लहान मुलं असतील तर त्यांच्या पालकांची लेखी संमती, आणि सगळे हो म्हणेपर्यंत फिल्म कुठेही अपलोड होत नाही. यालाही जुना आधार आहे. कॅनडातल्या फोगो बेटावर १९६७ साली कॉलिन लो यांनी तिथल्या राष्ट्रीय फिल्म बोर्डातर्फे मच्छीमारांबरोबर छोट्या छोट्या फिल्म केल्या. त्या लोकांना बेटावरून हलवायचं सरकारच्या मनात होतं. लो यांनी चित्रण आधी बेटावरच्या माणसांना दाखवलं आणि त्यांच्या संमतीनेच पुढे नेलं. वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या लोकांनी एकमेकांना पडद्यावर बोलताना ऐकलं तेव्हा आपलं गाऱ्हाणं एकच आहे हे त्यांना दिसलं. त्यांनी सहकारी संस्था उभी केली आणि बेट सोडलं नाही.

आता संकलन. तीन मिनिटांच्या फिल्मसाठी मुलं चाळीस मिनिटांचं चित्रण घेऊन येतात. प्रत्येक शॉट एका चिठ्ठीवर लिहून आम्ही चिठ्ठ्या जमिनीवर मांडतो, उचलतो, पुन्हा मांडतो. एका गटाच्या फिल्ममध्ये एक मुलगी घरी चालत जाते, आणि अर्धी फिल्म ते चालणंच होतं. मी म्हटलं, दोन शॉट ठेवा आणि तिला पोचलेली दाखवा. गट ऐकेना. ‘ताई, गोष्ट पोचण्याची नाहीये.’ मी हट्ट सोडला. सोल वर्थ आणि जॉन अडेर या अभ्यासकांनी १९६६ साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या, मेंढ्या पाळणाऱ्या नावाहो आदिवासींना कॅमेरा आणि संकलन शिकवलं, पण कशावर आणि कशी फिल्म करायची हे त्यांच्यावरच सोडलं. त्या फिल्ममध्ये माणसं खूप वेळ चालत राहतात आणि चेहऱ्याचे क्लोजअप फारच थोडे दिसतात. हे मी नंतर वाचलं आणि मला ती चालणारी मुलगी आठवली. काम सुरू होण्याआधी तिथल्या एका वृद्धाने विचारलं होतं, चित्रपट केल्याने मेंढ्यांचं काही वाईट होईल का? नाही, असं उत्तर मिळालं. मग त्यांचं काही भलं होईल का? त्यालाही उत्तर, नाही. मग चित्रपट करायचे कशाला?

तुमचा प्रश्न मला त्याच घरातला वाटतो, आणि म्हणून आवडतोही. आमच्याकडची फार थोडी मुलं पुढे सिनेमात गेली. बाकीची आपापल्या कामाला लागली.

गेल्या शिबिरात एक गट सकाळी दहाला बाहेर पडला आणि बारा वाजले तरी त्यांनी एकही शॉट घेतला नव्हता. मी लांब बसून बघत होते. त्यांनी तीनदा जागा बदलली, दोघं रुसली, एकीने वहीत चौकट काढून दाखवली. शेवटी मोबाइल हातात असलेला मुलगा तो खाली धरून शिलाई करणाऱ्या बाईंपाशी गेला. त्यांच्यावरच ती फिल्म होती. ‘काकू, आमचं काही ठरत नाहीये. कुठून घेऊ?’ त्यांनी मशिनवरून हात काढला, उठून मोबाइलमध्ये डोकावून बघितलं, आणि आपलं स्टूल खिडकीकडे थोडं सरकवून घेतलं.