फुले तोडणाऱ्यांची वेळ आणि फुले उमलण्याची वेळ

नाशिकच्या गंगापूर रस्त्यालगत दोन रस्ते मिळतात, तेथे वळणावर उरलेल्या त्रिकोणी जागेत आम्ही अकरा जण दर रविवारी सकाळी सात ते नऊ बागकाम करतो. या फेब्रुवारीअखेर त्या बागेला दोन वर्षे पूर्ण झाली. जागा सुमारे १२० चौरस मीटर आहे. पहिले वर्ष राडारोडा उपसण्यात, दीड फूट खणून पोयटा व शेणखत भरण्यात आणि लेखी परवानगी मिळवण्यात गेले. त्याविषयी नव्याने सांगण्यासारखे काही नाही. दुसऱ्या वर्षाची नोंद मात्र सविस्तर लिहितो, कारण या वर्षी आमच्यापुढे एकच प्रश्न होता : पहाटे पिशवी घेऊन येणाऱ्या मंडळींच्या हातून उरून चौकात फुले दिसतील कशी?

ज्यांनी रस्त्याकडेला जास्वंद लावली आहे, त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते, आणि पूजेसाठी नेणारे ते उमलण्याचीही वाट पाहत नाहीत, कारण टपोरी कळी घरी पाण्यात ठेवली तरी उमलते. आमच्या आठ जास्वंदींवरचे उमललेले फूल दिवसाउजेडी आम्हांला क्वचितच दिसले. फूल गेल्याचे एक वेळ चालते; परंतु आकडीच्या काठीने ओढून फांदी मोडली जाते आणि पाऊस झाल्यावर ओल्या वाफ्यात पाय पडून माती दाबली जाते, ते नुकसान भरून यायला महिने लागतात. ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी आम्हीही लावली होती. त्या पाटीलाच पिशवी अडकवून एक गृहस्थ दोन्ही हातांनी फुले तोडत असल्याचे पाहिल्यावर आम्ही ती काढून टाकली.

मार्चमध्ये आमच्यातील एका निवृत्त विज्ञानशिक्षिकेने वेगळी कल्पना मांडली. स्वीडनच्या कार्ल लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५१ मध्ये फुलांच्या उमलण्या-मिटण्याच्या वेळांवरून फुलांचे घड्याळ सुचवले होते. त्याच तत्त्वावर, तोडणाऱ्यांच्या वेळेला न उमलणारी फुले आपण का लावू नयेत, असा त्यांचा प्रश्न होता. आठवडाभर आम्ही आळीपाळीने पहाटे थांबून नोंद केली. मंडळी पावणेपाचपासून येऊ लागतात, सव्वासहापर्यंत झाडे रिकामी होतात आणि सातनंतर कोणीही येत नाही. म्हणजे आम्हांला नऊनंतर किंवा संध्याकाळी उमलणारी फुले हवी होती, आणि ती बुटकी असणे आवश्यक होते, कारण वळणावर झाडे तीन फुटांच्या वर गेली की समोरून येणारे वाहन दिसत नाही.

पहिली निवड चिनी गुलाबाची झाली, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. मार्चच्या अखेरीस बोटभर लांबीचे दीडशे फाटे थेट वाफ्यात खोचले. त्यांना रुजायला कष्ट पडत नाहीत. उलट पाणी जास्त झाले तरच ते दगावतात. एप्रिल-मे या दोन महिन्यांत, जेव्हा नाशिकमध्ये इतर बागा होरपळतात, तेव्हा आमच्या चौकात साडेनऊच्या सुमारास गुलाबी, केशरी आणि पिवळ्या रंगांचा गालिचा उलगडत असे आणि दुपार टळली की मिटत असे. पहाटे येणाऱ्यांना तेथे फक्त मांसल हिरवी पाने दिसत. आम्ही स्वतःवर फारच खूश होतो.

मात्र ही खुशी पावसापर्यंतच टिकली. हे फूल ऊन मिळाल्याशिवाय उघडत नाही, हे पुस्तकी ज्ञान आमच्याकडे होते, पण जुलैत सलग अकरा दिवस आभाळ भरून राहिले, तेव्हा त्याचा अर्थ कळला. कळ्या न उमलताच गळाल्या, आणि सखल बाजूच्या वाफ्यात पाणी साचून निम्मी झाडे बुडखातून कुजली. त्याच वाफ्यातील ४० सदाफुलींपैकी १८ सदाफुली मूळकुजीने गेल्या. आता तेथे नऊ इंच उंचीचा गादीवाफा केला आहे. जे कोणी पावसाळ्यापूर्वी सदाफुली लावणार असतील, त्यांनी आधी वाफा उंच करून घ्यावा आणि मगच रोपे आणावीत.

दुसरी निवड गुलबक्षीची होती. तिचे मिरीसारखे काळे बी रात्रभर भिजवून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दीड-दीड फुटावर टोकले, आणि ऑगस्टच्या मध्यास पहिली फुले आली. येथे आमचा एक समज चुकीचा निघाला. गुलबक्षी दुपारी चारनंतर उमलते, म्हणून पहाटे ती मिटलेली असेल असे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती रात्रभर उघडी राहून सकाळी ऊन चढल्यावर मिटते, आणि ढगाळ दिवशी तर त्यालाही उशीर होतो. म्हणजे तोडणाऱ्यांच्या वेळेला ती पूर्ण उघडी असते! तरीही ती टिकली, त्याचे कारण निराळे आहे. गुलबक्षीचे फूल तोडले की लवकर मान टाकते, त्यामुळे एकदा नेलेले माणूस सहसा दुसऱ्यांदा नेत नाही. शिवाय पहाटे नेलेले फूल तसेही काही तासांत मिटणारच असते आणि संध्याकाळी झाडावर नवी फुले येतात. कचेऱ्या सुटण्याच्या वेळी चौक रंगलेला असतो आणि अंधार पडू लागला की लांब सोंडेचे मोठे पतंग त्या फुलांभोवती घिरट्या घालतात. ते पाहण्यासाठी मी दोनदा मुद्दाम थांबलो.

भाद्रपदात जे घडले, त्याला मात्र घड्याळाचा उपाय नव्हता. कडेच्या पट्टीत पहिल्या पावसानंतर तेरड्याचे बी फेकले होते आणि तो फुलून आला होता. गौरी आवाहनाच्या सकाळी तीसेक झाडे मुळासकट गेलेली आढळली. अनेक घरांत तेरड्याच्याच गौरी आणतात, हे मला आईकडून ठाऊक होते, तरी ते लावताना आठवले नाही. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्याने केली, त्याच्या डोळ्यांपुढे तीन दिवसांच्या माहेरवाशिणी गौरीच असाव्यात, असा माझा आपला एक तर्क आहे. आमच्यातील काही जण संतापले होते. मला तितका राग आला नाही, कारण तेरड्याच्या शेंगा हात लागताच फुटून बी उडवतात आणि उरलेल्या झाडांनी पट्टी पुन्हा पेरून ठेवली आहे. यंदा एक पट्टी केवळ गौरींसाठी म्हणून वेगळी ठेवावी, असे माझे मत आहे. त्यावर अद्याप एकमत झालेले नाही.

झेंडूची रोपे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लावली आणि महिन्याभराने शेंडे खुडले, त्यामुळे झाडे पसरट होऊन फुटवे भरपूर आले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही स्वतःच सगळी फुले तोडून शेजारच्या रिक्षाथांब्यावरील मंडळींना हारांसाठी दिली. तेव्हापासून ते दुपारी वाफ्यात शेळ्या शिरू देत नाहीत आणि आम्ही गावाला गेलो तर झारीने पाणीही घालतात. वर्षभरातील आमचा सर्वांत उपयोगी निर्णय हाच ठरला, आणि त्याचा फुलांच्या घड्याळाशी काहीही संबंध नव्हता.

नोव्हेंबरात एका पहाटे, रोज येणाऱ्या एका आजींशी मी बोललो. “आजी, फुलं घ्या, पण फांदी ओढू नका,” असे म्हणताच त्या म्हणाल्या, “अरे बाळा, मी काय वेणीत माळते का? देवालाच वाहते ना? आणि झेंडू खुडला नाहीस, तर बी धरून वाळून जाईल, हे तुला कोणी सांगितलं नाही वाटतं.” त्यांचे म्हणणे खरे होते. झेंडूची उमललेली फुले काढत राहिले की झाड बी धरण्यात शक्ती घालवत नाही आणि बहर लांबतो. हे काम आम्ही रविवारी करत होतो आणि त्या फुकट रोज करत होत्या. त्यानंतर आम्ही जास्वंदीच्या खोडाला तारेने एक कात्री बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी कात्रीच नाहीशी झाली.

पाण्याविषयी थोडक्यात सांगतो. शेजारच्या सोसायटीतून आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी मिळत असे, पण त्यात क्षार एकवटलेले असल्याने काही आठवड्यांत पानांच्या कडा करपल्या. आता तिथलेच प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरतो आणि कर्दळ त्यावर जोमाने वाढते. जानेवारीत केबलच्या चरासाठी उत्तरेचा वाफा कोणीतरी खणला. गुलबक्षीचे कंद मातीच्या ढिगाऱ्यातून वेचून काढावे लागले. थंडीत तिचा वरचा भाग वाळलेलाच होता, त्यामुळे कंदांना फारशी इजा झाली नाही. असे २३ कंद मी घरी कोरड्या वाळूत ठेवले आहेत.

यंदाचा प्रयोग प्राजक्ताचा आहे. झाडावरून न तोडता जमिनीवरून वेचलेले फूल देवाला चालते, असे हे एकच फूल मला माहीत आहे. ते रात्री उमलते आणि पहाटे, म्हणजे नेमके आमच्या पाहुण्यांच्या वेळेला, आपणहून खाली पडते. झाड दोन पुरुष उंच होत असल्याने वळणावर चालणार नाही. मागच्या कुंपणभिंतीलगत तीन खड्डे दोन-दोन फुटांचे खणून उन्हात तापायला सोडले आहेत. गोल चपट्या फळांतून काढलेले बी पिशव्यांमध्ये लावले आहे, आणि आज सकाळपर्यंत बारांपैकी पाच पिशव्यांत कोंब वर आले आहेत.