तोटा कोणत्या साली सुरू झाला

रविवार, २९ सप्टेंबर २०२४. गावी, रात्री उशिरा

सभेत मी एक शब्द बोलले नाही, तरी घसा बसलाय. येताना गाडीत अण्णांशी भांडले त्याचा.

आमच्या सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा होती. अण्णांचा गुडघा धरलाय, म्हणून पुण्याहून मी गाडी घेऊन आले. मंडपात बायका मोजून आठ-दहा. शेजारच्या तात्यांनी विचारलं, "शेअर तुझ्या नावावर झाला का काय?" अजून नाही म्हटलं. "मग ऐकायचं नुसतं," म्हणाले आणि पुडी काढून तंबाखू मळायला लागले.

पहिले पाच विषय चार मिनिटांत उरकले. एम.डी. वाचणार, पुढच्या रांगा "मंजूर, मंजूर" ओरडणार. या रांगांत दरवर्षी कामगार बसवतात म्हणे. घोडं अडलं ताळेबंदावर. फेब्रुवारीत गेलेल्या उसाचा शेवटचा हप्ता अजून यायचाय. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असं कायदा सांगतो. आमचे चौदा दिवस सात महिने झाले तरी भरेनात.

चेअरमनसाहेबांनी सरळ दिल्लीकडे बोट दाखवलं. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेली उसाची किमान किंमत, २०१८-१९ ला टनाला २७५० रुपये होती, येत्या हंगामाला ३४०० झाली. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ वरच. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आणि आपण तर त्याच भरवशावर कर्ज काढून डिस्टिलरी वाढवलेली. "मग सांगा, संचालक मंडळाचं काय चुकलं?" आकडे खरे होते. फक्त ताळेबंदाच्या वर्षी ३१ रुपयांनी साखर कोणी विकत नव्हतं, बाजार वर होता, एवढं सांगायचं ते विसरले. मी ताळेबंद वाचून पोट भरते, त्यामुळे न सांगितलेला आकडा मला आधी दिसतो. घरी याला खोड म्हणतात.

मग विरोधी पॅनेलचे माजी व्हाईस चेअरमन खुर्चीवर उभे राहिले. "शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याला दिल्ली वेगळी आहे का?" टाळ्या पडल्या. त्यांच्या मते वाटोळं झालं सहवीज प्रकल्पाच्या, म्हणजे उसाच्या चिपाडावर वीज करायच्या कर्जानं. सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी लावा, कलम ८८ खाली संचालकांच्या जमिनीतून वसूल करा. मागून कोणीतरी ओरडलं, "त्या कर्जाच्या ठरावाला सूचक कोण होतं, ते वाचा की!" मंडप हसला. खुर्ची हलली, पण ते उतरले नाहीत.

पांढरी टोपी घातलेले एक निवृत्त कामगार उठले. ते म्हणाले, कर्ज नंतर आलं, आधी नोकरभरतीनं खाल्लं. जिथं चारशे माणसं पुरत होती तिथं दुप्पट भरली. तिसऱ्याचं म्हणणं तोडणी-वाहतुकीला दिलेल्या आगाऊ उचली बुडाल्या; मुकादम पैसे घेऊन पळाले आणि वसुलीला कोणी गेलं नाही. चौथा दुष्काळावर आला. मी अहवालाच्या मागच्या पानावर सालं लिहीत गेले. प्रत्येकाचा तोटा वेगळ्या साली सुरू होत होता. आणि बोलणारा त्या साली नेमका कारखान्यात नसायचा, किंवा असला तर "आमचं ऐकलं कोणी?" असायचा.

माईक बंद पडला. म्हणजे पाडला. आरडाओरडा टिपेला गेला तेवढ्यात व्यासपीठावरून राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे ताठ उभे. खुर्चीवरचे खुर्चीवरच ताठ. बावन्न सेकंदांनी सभा संपलेली होती. विरोधकांनी गेटसमोर ट्रॉलीवर चढून समांतर सभा घेतली. तिथं जमाखर्च नामंजूर झाला.

गाडीत अण्णा दोन्ही बाजूंना शिव्या घालत होते. मला राहवेना. "गेल्या साली आपला दोन एकर ऊस कुठं गेला, अण्णा?"

बराच वेळ काही नाही. मग, "तोड येत नव्हती. उसाला तुरं आलं होतं. वाळवायचा होता का रानात?"

खाजगी कारखान्यानं तोडून नेला, पैसेही वेळेत दिले. अण्णांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. तरी मी म्हटलं, आणि जोरात म्हटलं.

सोमवार, ३० सप्टेंबर

रजा वाढवली. माळ्यावरच्या ट्रंकेत अण्णांनी सगळे अहवाल ठेवलेत, लाल सुतळीत, साल लावून. दुपारभर ओसरीवर मांडून बसले.

कर्ज, व्याज, संचित तोटा या रकान्यांवर सगळे भांडतात. माझी नजर उताऱ्याच्या, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली त्या रकान्यावर अडली. हळूहळू, पॉइंट-पॉइंटनं घसरलाय, आणि चेअरमन कुठल्याही गटाचा असला तरी घसरलाय. पाच लाख टन गाळप धरलं, तर उतारा एका टक्क्यानं कमी झाला की पन्नास हजार क्विंटल साखर कमी. किमान ३१ रुपयांनी साडेपंधरा कोटी. हे कोणी खाल्लेले नाहीत. झालेच नाहीत.

मशिनरी जुनी, तोडलेला ऊस फडात दोन-दोन दिवस पडलेला, ही कारणं आहेतच. पण एक कारण आमच्या बांधाच्या आत आहे. आमची खालची पट्टी क्षारपड. तिथं अण्णा पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा फुले २६५ हा वाण लावतात. टनेज भरघोस, चोपणातही तग धरतो, पण पिकायला वेळ घेतो. लवकर तोडला तर गोडी उतरत नाही. कारखाना ८६०३२ हा जास्त गोडीचा वाण लावा म्हणून दरवर्षी पत्रक काढतो. अण्णांना विचारलं. वर न बघता म्हणाले, "पैसे टनावर मिळत्यात, गोडीवर न्हाई."

बरोबरच आहे. उतारा साऱ्या कारखान्याचा सरासरी धरतात, वजन ज्याचं त्याचं. मीही हेच केलं असतं. उलट एक्सेलमध्ये करून दाखवलं असतं.

नोकरभरतीच्या सालच्या अहवालात एक घडी घातलेला कागद निघाला. तेव्हाच्या चेअरमनसाहेबांना अण्णांच्या अक्षरातला अर्ज: पुतण्या बारावी पास, गरजू, टाइम ऑफिसात सामावून घ्यावे ही नम्र विनंती. म्हणजे आमचा संजूदादा. त्याच्या पगारावर दोन पोरी शिकल्या, एक नर्स आहे. कागद होता तसा घडी करून आत ठेवला. अण्णांनी पाहिलं की नाही कोण जाणे. संध्याकाळी चहा त्यांनीच केला, एवढं खरं.

शनिवार, ५ ऑक्टोबर. पुणे

आईचा फोन. परवा विरोधी पॅनेलची पोरं कलम ८३ च्या अर्जावर सह्या घ्यायला आली होती, अण्णांनी केली. काल चेअरमनचा माणूस दिवाळीची सभासद साखर आली म्हणून सांगून गेला, तर कार्ड घेऊन लगेच गेटवर. काका तेवढ्यावरून बोलत नाहीयेत.

"आणि यंदाचा ऊस?" मी विचारलं.

आईनं फोन अण्णांकडे दिला.

"नोंद दोन्हीकडं दिलीया," अण्णा म्हणाले. "ज्याची टोळी आधी यील त्याला. तू वारसाचा फॉर्म भरलास का?"