आमचे आबा, जंगी पलटणीतले

आबांबद्दल लिहायचं लिहायचं म्हणता म्हणता ते जाऊन वर्ष होत आलं. गावाला ते मिशीवाले मिलिटरीतले आबा म्हणूनच माहीत होते. पण मला खरं सांगायचंय ते हे की नोकरीची सगळी वर्षं हा माणूस घरापासून लांब राहिला आणि तरी घराकडचं लक्ष एक दिवस हटलं नाही त्यांचं.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, घरटी एक माणूस फौजेत. अपशिंगे मिलिटरी हे नाव ऐकलंच असेल, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. आमच्या गावाचं तेवढं नाव नाही पण रीत तीच. १९६२ च्या चीनच्या लढाईनंतर भरती जोरात निघाली तेव्हा आबा बेळगावला गेले, मराठा लाइट इन्फंट्रीत लागले आणि ट्रेनिंग झाल्यावर पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. १७६८ सालची पलटण हो, असं ते येईल त्या पाहुण्याला सांगायचे.

डिसेंबर १९७१ मध्ये ते पूर्व पाकिस्तानात होते, आजचा बांगलादेश. कर्नल ब्रार त्यांचे सीओ, म्हणजे पलटणीचे प्रमुख, जे पुढे जनरल झाले. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटणीने जमालपूरच्या मागची वाट अडवली. आमच्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली! आणि मग एका रात्री त्यांचे लोक वाट फोडून निघायला बघत होते ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आले. त्या रात्रीचं आबा कधीच फार बोलले नाहीत, आम्ही लहानपणी खूप विचारायचो, ते विषय काढायचे पुंगलीच्या पुलाचा. टांगाईलजवळ २ पॅरा, म्हणजे छत्रीधारी सैनिकांची पलटण, विमानातून उतरली होती आणि १२ तारखेला त्या पुलापाशी जंगी पलटण त्यांना जाऊन मिळाली, आणि ती २ पॅरासुद्धा मूळची मराठाच, जुनी तिसरी बटालियन. "भाऊ भावाला भेटला रं," एवढं बोलून गप्प व्हायचे, डोळे भरलेले असायचे.

ते लढाईवर होते तेव्हा आमचे बाबा तीन महिन्यांचे. पुढे सुट्टीवर आल्यावर आबांनी उचलून घेतलं तर बाबांनी भोकाड पसरलं, आणि आजी चुलीपुढून म्हणाली, "तुमचंच हाय, घ्या की दमानं."

पत्रांचं तर सांगायलाच पाहिजे. आजीला वाचता येत नव्हतं, पत्र आलं की मास्तरांकडे जायचं आणि नवऱ्याचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं याची तिला फार लाज वाटायची, म्हणून आत्याला अक्षरओळख झाली तशी वाचायचं काम आत्याकडे आलं. हे कळल्यावर आबा प्रत्येक आंतरदेशीय पत्राच्या दुमडायच्या पट्टीवर तिच्यासाठी गणितं लिहायला लागले. एक अजून आहे आत्याकडे, निळी शाई, बारीक अक्षर: आपली म्हैस रोज ६ लिटर दूध देते, २ घरी ठेवले, बाकीचे दीड रुपयाने डेअरीला घातले, तर ३० दिवसांचे किती? आत्याने उत्तर पाठवायचं, १८० रुपये, आणि पुढच्या पत्रात त्यावर बरोबरची खूण. पोरीचं गणितही पक्कं होत होतं आणि म्हैस किती देते, घरात किती येतं हेही त्यांना तिकडे बसून कळत होतं. आत्या पुढे गणिताचीच शिक्षिका झाली.

हवालदार म्हणून रिटायर होऊन आले, शेती बघितली, आम्हा नातवंडांना सायकलवरून शाळेत सोडलं, सगळं केलं. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम माझ्या मते कागदपत्रांचं. आपल्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलतात, मग सर्व्हिस रेकॉर्डला एक नाव आणि आधारवर दुसरं, आणि माणूस गेला की त्याच्या बायकोची फॅमिली पेन्शन तिथे अडकते. आबांनी स्वतः बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला खेटे घालून आजीचं नाव, जन्मतारीख, जॉइंट खातं सगळं आपल्या हयातीत दुरुस्त करून घेतलं, आणि मग गावातल्या प्रत्येक माजी सैनिकाच्या मागे लागले. जे आधीच गेले होते त्यांच्या बायकांना घेऊन साताऱ्याला जिल्हा सैनिक कार्यालयात जायचे, एसटीचं तिकीट स्वतः काढायचे, वर डबा घरून. आजी कुरकुरायची नाही, चार भाकरी जास्त थापायची.

आजीची पेन्शन एकाही कागदावाचून अडली नाही. फाईलवर त्यांनी कुठे जायचं, कोणत्या झेरॉक्स लागतील सगळं क्रमाने लिहून ठेवलं होतं, आणि खाली एक ओळ, "हिला उन्हात रांगेत उभं करू नका." बाबा तिला रिक्षाने घेऊन गेले.