धुळे-साक्रीच्या डाइकांवर नमुने घ्यायला निघालात तर

डाइक म्हणजे जमिनीच्या भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाची उभी भिंत. "डाइक रस्त्याला लागूनच आहे, हातोडा मारला की ताजा बेसाल्ट" असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. रस्त्याच्या कापात पाहिलं तर सगळा मुरूम. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले, बोटांनी चुरा होणारे. असला माल पिशवीत भरू नका. पाणी मुरलेल्या खडकातलं पोटॅशियम, सोडियम, बेरियम भरवशाचं राहत नाही. टायटॅनियम, झिर्कोनियम, यिट्रियम, नायोबियम बहुतेक जागेवर टिकतात, म्हणून तर जुन्या लाव्हावरून समुद्रतळ ओळखता येतो. बेसाल्ट कुठल्या भूभागात तयार झाला हे ओळखायचे, पीअर्स आणि कॅन या भूशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेले आलेख याच मूलद्रव्यांवर उभे आहेत.

पण तो आलेख इथे डोळे मिटून वापरू नका. आपला लाव्हा जाड खंडीय कवचातून वर आला. कवच मिसळलं की थोरियम वाढतं, नायोबियम त्या मानाने मागे पडतं आणि खडक उगाचच ज्वालामुखी बेटांच्या माळेतला वाटू लागतो. सह्याद्रीतला आंबेनळी थर कमी दूषित, बुशे थर भरपूर दूषित. स्ट्राँशियमची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजली की हा फरक स्पष्ट दिसतो.

ताजा खडक हवा तर डाइकच्या धारेवर चढावंच लागतं, आणि तो चढ वाईट आहे. वेडी बाभूळ, पायाखाली सुटे धोंडे, सावली नावाला नाही. एप्रिल-मेमध्ये जाऊच नका. जीपवाल्याशी जाण्यायेण्याचं मिळून आधीच ठरवा. आमच्याकडून परतीला दुप्पट घेतले, कारण तिथे दुसरी गाडीच नव्हती. पांझरेकाठचा बाकी प्रवास सोपा.

वर पोचल्यावर थकवा पळाला. धार पूर्व-पश्चिमेकडे सरळ जाताना दिसते, म्हणजे जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेली होती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. पुढे सेशेल्स भारतापासून सुटलं, मध्ये अरबी समुद्र रुंदावत गेला. १९८७ मध्ये हिंदी महासागरात खोदलेल्या विहिरींत लक्षद्वीप-चागोस कटकाचा, म्हणजे समुद्राखालच्या डोंगररांगेचा, लाव्हा दक्षिणेकडे तरुण होत गेलेला सापडला; ती रांग रियुनियन बेटाकडे जाते. तिचं दख्खनकडचं टोक म्हणजे हा आपला काळा पाषाण!

गोल धोंडे फोडून आतला निळसर-काळा गाभाच घ्या, पांढरे झिओलाइट (पोकळ्यांत मागाहून साचलेलं खनिज) भरलेला तुकडा टाकून द्या. दळायला अकीकाचा खल मागा. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टँटलम आणि कोबाल्ट नमुन्यात उतरतात.