तारण

आमच्या पतसंस्थेत 19 वर्षं मी सोनेतारणाचं टेबल बघतोय. सकाळी घरच्या ख्रिस्ती प्रार्थनेत 'तारण' म्हणायचं, म्हणजे पापातून सुटका, आणि मग संध्याकाळपर्यंत पावत्यांवर तोच शब्द लिहायचा. या दोन तारणांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्या मार्चएंडपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

थकीत खात्यांना लिलावाच्या नोटिसा गेल्या होत्या. त्यातलीच एक घेऊन आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी आल्या. निवृत्त नर्स. खातं मुलाचं होतं, मला वाटलं मुदत मागायला आल्या असतील.

"यातल्या पाटल्या माझ्या आहेत," त्या म्हणाल्या. "सव्वा वर्षापूर्वी कपाटातून गेल्या. मी कामवालीवर संशय घेतला रे, तिला काढून टाकलं. काल तिच्या घरी जाऊन माफी मागून आले."

माझ्या पोटात गोळा आला. 'दागिने माझ्या मालकीचे आहेत' या ओळीखाली त्या मुलाची सही मीच घेतली होती. मी हळूच विचारलं, "मावशी, तक्रार देणार का?"

"दिली तर पाटल्या मिळतील. पोराला कुठल्या पावतीवर सोडवू?"

त्यांनी पिशवीतून पैसे काढले. मुदतठेव मोडून आणले होते. मुद्दल 80,000, दरसाल 12 टक्क्यांनी 14 महिन्यांचं व्याज 11,200. पण नियमाप्रमाणे तारण कर्जदाराच्याच हाती, त्याची सही घेऊनच सोडता येतं. ते त्यांना ठाऊक होतं. मुलगा खाली मोटरसायकलपाशी उभा होता. त्यांनी त्याला वर बोलावलं आणि नोटांची पुडकी त्याच्यासमोर सरकवली. "मोज."

तो मोजत होता. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मोजताना त्याच्या डोळ्यांतलं पाणी नोटांवर पडलं. मावशींनी ना त्याची समजूत घातली, ना त्याला थांबवलं. 91,200 पुरे होईपर्यंत शांत बसून राहिल्या.

बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात 'खंडणी भरून मिळवलेली मुक्ती म्हणजे आपल्या अपराधांची क्षमा' असे शब्द आहेत. मी ते लहानपणापासून पाठ म्हणत आलो. खंडणीसाठी मार्कच्या शुभवर्तमानात (10:45) जो मूळ ग्रीक शब्द आहे, लुट्रॉन, तो गुलामाला किंवा बंदिवानाला सोडवण्यासाठी मोजलेल्या किमतीचा. म्हणजे माझ्याच टेबलावरचा शब्द. तरी क्षमा म्हणजे 'जाऊ दे, विसरून जा' असंच मी समजत होतो. खरं तर हिशेब बघणाऱ्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं. बुडीत कर्ज निर्लेखित केलं, म्हणजे येणं म्हणून दाखवणं सोडलं, म्हणून तोटा हवेत विरत नाही, नफ्यातून तेवढी तरतूद करावी लागते. कुणीतरी भरतंच. त्या दिवशी जिची चोरी झाली तीच भरत होती, आणि तेही व्याजासकट.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 18व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या कर्जबाजारी चाकराचं देणं मी एकदा कॅल्क्युलेटरवर मांडून पाहिलं होतं. दहा हजार तालांत, एका तालांताचे सहा हजार दिनार, एक दिनार म्हणजे एक दिवसाची मजुरी. सहा कोटी दिवस. वर्षाला 300 दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. धन्याने ते सगळं सोडलं, आणि हा बाहेर जाऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. तो चाकर मी आहे, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. सख्ख्या भावाशी मी सहा वर्षं बोललो नव्हतो. कारण पैशाचंच, आणि रक्कम मावशींच्या व्याजाहून थोडी कमी. दर रविवारी मात्र 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' हे सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणत होतो.

मी तिजोरीतून पुडकं आणलं, त्याच्यासमोर सील तोडलं. वजन पावतीशी जुळलं. एका पाटलीच्या आतल्या कडेला सराफाने कस लावला होता, ती बारीक रेघ दिसत होती. मुलाने सही केली. पाटल्या त्याच्या हातात दिल्या, त्याने त्या आईपुढे धरल्या.

संधिवाताने मावशींची बोटं सुजलेली. तो बेसिनवरून साबण घेऊन आला आणि खाली बसून त्यांच्या हाताला लावू लागला. पहिली पाटली कशीबशी चढली. दुसरी काही चढेना. तेव्हा मावशींनी ती रुमालात बांधली आणि त्याच्याच हातात दिली.

"ठेव तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर बघू."