आमची वाटचाल : छावणी ते मुरघास

2013 च्या दुष्काळात आमच्या 4 गाई माण तालुक्यातल्या चारा छावणीत होत्या. घराला कुलूप, आम्ही दोघं नवरा-बायको गाईंजवळ. वैरण म्हणजे उसाचं वाढं, उसाच्या शेंड्याची हिरवी पानं. त्यानं पोट भरतं, पण त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. दूध आटत गेलेलं रोज बघत होतो. घरी परतताना ठरवलं, पावसाळ्यात जे पिकेल त्यातच वर्षाची वैरण करायची.

त्यासाठी मुरघास करायला घेतला, म्हणजे हिरवा मका बारीक कापून, हवा न लागू देता खड्ड्यात दाबून आंबवायचा. पहिला मुरघास पार वाया गेला. खड्डा सखल जागी काढला होता, पाणी शिरलं, बुरशी धरली आणि सगळा मका उकिरड्यावर टाकावा लागला. बायको दोन दिवस जेवली नाही. पुढच्या वर्षी उंचवट्यावर 20 बाय 10 फूट, 5 फूट खोल खड्डा घेतला. दाण्यात चीक भरला की मका कापायचा. कोवळा घेतला तर पाणी सुटतं, जून झाला तर दबत नाही, आत हवा राहते. बारीक कुट्टी थराथरानं तुडवून प्लास्टिकच्या कागदानं घट्ट झाकली. 45 दिवसांनी उघडलं तेव्हा आंबूसगोड वास आला. घनफुटाला 15 किलो धरले तर 15 टन माल. गाईला रोज 15 किलो दिला तरी 12 गाईंना पावणेतीन महिने पुरतो. दाण्यासकट मका पोटात जात असल्यानं पेंडही आम्ही गाईमागे किलोभर कमी केली.

रोज पहाटेची वैरणकापणी सुटली, पण शेण काढणं आणि पाणी पाजणं होतंच. 2016 ला अडीच गुंठ्यांना जाळी मारून 12 गाई मोकळ्या सोडल्या. आई म्हणाली, "अरे, एकमेकींना मारून टाकतील." पहिले तीन दिवस झुंजल्या खऱ्या, मग त्यांचं त्यांचं ठरलं. आता गाई हौदावर आपणहून जातात. शेण आठवड्यातून एकदा भरायचं. पावसाळ्यात चिखल झाला की कासेला दगडी, म्हणजे कास सुजण्याचा रोग, होण्याची भीती असते, म्हणून आधी मुरूम टाकतो. दोन गडी लागायचे, तिथं आता आम्ही दोघंच पुरतो.

2019 च्या उन्हाळ्यात पुन्हा छावण्या लागल्या. आमच्या गाई घरीच होत्या. मे महिन्यात शेवटचा खड्डा उघडला, त्यातला थोडा शेजाऱ्यांना दिला. तिथूनच दुसऱ्यांना मुरघास करून देण्याचं काम सुरू झालं. आजही कुणाच्या रानात गेलो की मका बघायच्या आधी विचारतो, पावसाचं पाणी कुठून वाहतं?