हानाच्या वाटेवरची अळूची खाचरे

हवाईतल्या माउई बेटावर जाऊन आलेल्या प्रत्येकाने आम्हांला एकच सांगितले होते : हाना गावात पाहण्यासारखे विशेष काही नाही, जे काही आहे ते वाटेत आहे. हे अगदी खरे निघाले. फक्त वाटेत नेमके काय आहे, यावर माझे आणि गाडीतल्या इतर मंडळींचे एकमत होऊ शकले नाही, आणि त्या मतभेदापायीच हे लिहायला बसले आहे.

मुलगी आणि जावई कॅलिफोर्नियात राहतात. त्यांच्याबरोबर आम्ही दोघेही माउईला गेलो. बेटाच्या कोरड्या पश्चिम किनाऱ्यावर काढलेले दिवस ऊन, वाळू आणि भयंकर महाग शहाळी यांत संपले. त्यांच्याविषयी सांगण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. हानाची सहल मात्र जावईबापूंनी बोर्डाच्या परीक्षेची तयारी करावी तशी आखली होती. त्यांनी फोनवर एक ॲप विकत घेतले होते. गाडी जसजशी पुढे सरके तसतसे ते आपणहून बोलू लागे, इथे उतरा, इथे उतरू नका, पुढचा थांबा तीन मिनिटांवर आहे, असे बजावत राही. त्यामुळे गाडीत आम्ही चौघे असूनही बोलायचा मान त्या पाचव्यालाच होता.

माउईचा विमानतळ आहे ते काहुलुई गाव ते हाना हे अंतर सुमारे ५२ मैल, म्हणजे ८४ किलोमीटरच्या आसपास. सगळीकडे सांगितला जाणारा हिशेब असा की, या रस्त्यावर ६२० वळणे आहेत आणि ५९ पूल आहेत, त्यांतले ४६ पूल एका वेळी एकाच बाजूची गाडी जाईल इतके अरुंद. वळणांचे मला फारसे काही वाटले नाही. कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटाने जन्मभर येजा केलेल्या माणसाला वळणांचे अप्रूप नसते. मला आवडले ते पूल. १९२६ मध्ये रस्ता हानापर्यंत पोहोचला, त्या सुमाराचे हे बुटक्या कठड्यांचे, शेवाळलेले काँक्रीटचे पूल. पलीकडून गाड्या येत असतील तर आपण थांबायचे, पाच-सात गाड्या येऊ द्यायच्या आणि मग आपल्या बाजूने निघायचे, असा तिथला रिवाज आहे. कोणी हॉर्न वाजवीत नाही. ज्याला वाट दिली तो अंगठा आणि करंगळी तेवढी ताठ ठेवून हात हलवतो. दोन-तीन पूल ओलांडल्यावर आमच्या ह्यांनी मागच्या सीटवर बसून समोरून येणाऱ्या झाडून सगळ्यांना असा हात करायला सुरुवात केली, तेव्हा मुलीने कपाळाला हात लावला.

पुलांवरची ही शिस्त धबधबा दिसला की मात्र कुठल्या कुठे जाते. जिथे पाणी कोसळते तिथे अर्धी चाके रस्त्यावर ठेवून गाड्या लावलेल्या, मुले मधूनच पळताहेत आणि कोणी तरी डांबरी रस्त्याच्या मधोमध पाठमोरे उभे राहून फोटो काढून घेत आहे. हानाच्या लोकांना मोठ्या इस्पितळात जायचे असले तरी हाच रस्ता आहे. स्थानिकांच्या गाड्यांना पुढे जाऊ द्या, अशी विनंती करणाऱ्या पाट्याही वाटेत दिसतात. जावईबापू त्याबाबतीत फार काटेकोर. मागे कोणाची पिकअप दिसली की ते पहिल्या मोकळ्या जागेत गाडी बाजूला घेत. त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी गुण.

अर्ध्याहून अधिक वाट सरल्यावर डावीकडे एक फाटा खाली समुद्राकडे उतरतो. केआनाए. हालेआकाला ज्वालामुखीतून वाहत आलेला लाव्हा समुद्रात शिरून जे सपाट भूशिर तयार झाले, त्याच्यावर हे गाव वसलेले आहे. कडेने काळे, धारदार खडक आणि त्यांच्यावर आपटून माडाच्या उंचीएवढ्या उडणाऱ्या लाटा. १ एप्रिल १९४६ रोजी अल्यूशियन बेटांजवळच्या भूकंपातून उठलेल्या त्सुनामीने हे गाव धुऊन नेले. १८६० सालचे दगडी चर्च तेवढे जागेवर राहिले, आणि ते आजही आहे. पर्यटक इथे येतात ते केळ्याच्या ब्रेडसाठी. ॲपनेही तेच सांगितले : ब्रेड घ्या, खडकांपाशी फोटो काढा आणि निघा. ब्रेड चांगला होता, भट्टीतून नुकताच काढलेला, कागदातून ऊब हाताला लागत होती. पण ब्रेडच्या टपरीपासून खडकांपर्यंत जाताना ज्याच्या कडेने सगळे चालत होते, त्याच्याकडे मान वळवून पाहणारे मला कोणी दिसले नाही.

ती अळूची शेते होती. परसात मोरीच्या पाण्यावर वाढलेले चार दांडे नव्हेत, तर बांधबंदिस्ती केलेली, घोटाभर पाण्याने भरलेली, एकाखाली एक उतरत गेलेली खाचरे. आपल्याकडे कोकणात भाताची असतात तशीच, फक्त भाताच्या जागी कमरेएवढे अळू. वरच्या खाचरातले पाणी बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्या खाचरात पडत होते, तिथून पुढच्या, आणि शेवटी समुद्राला. सांगतात की, या लाव्हाच्या उघड्या खडकावर पूर्वी माती नव्हतीच. वरच्या दरीतून टोपल्या भरभरून माती वाहून आणली आणि ही शेते उभी केली. हवाईच्या मूळ रहिवाशांच्या कथेप्रमाणे आकाशपित्याचे पहिले मूल मृत जन्मले, ते जिथे पुरले तिथे अळू उगवले, आणि नंतर झालेल्या मुलापासून माणसे झाली. म्हणजे अळू हा नात्याने त्यांचा थोरला भाऊ. असल्या भावाच्या अंगणातून जाताना लोक केळ्याचा ब्रेड खात पाठ फिरवतात, हे मला रुचले नाही.

आत पाऊल टाकू नये अशी पाटी होती, म्हणून मी रस्त्याच्या कडेलाच उभी राहिले. खाचरात गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत एक वयस्क गृहस्थ काम करीत होते. ते रोप मुळासकट हलवून सैल करीत, चिखलातून वर काढीत, पाण्यात खळबळून धूत, आणि सुरीच्या एकाच फटक्यात कंद वेगळा करीत. हातात उरे तो कंदाचा वरचा पातळ काप आणि वीत-दीड वीत देठ. पाने छाटून टाकली की तेच पुढचे रोप. ते त्यांनी माझ्यादेखत दुसऱ्या टोकाला चिखलात खोचलेही.

मी मुलीला म्हटले, "त्यांना विचार, पाणी कायम सोडलेले असते की पाळीने मिळते?"

"आई, पाळी म्हणजे काय सांगू मी त्यांना?"

"सांग, बारी लावून. आज याला, उद्या त्याला."

तिने कसेबसे विचारले. ते गृहस्थ काम थांबवून बांधापाशी आले. पाणी रात्रंदिवस वाहते असले पाहिजे, ते म्हणाले, आणि थंड असले पाहिजे. साचले की तापते, तापले की कंद सडतो. मग जरा थांबून म्हणाले की, मधली कितीतरी वर्षे हे पाणी इथवर पुरेसे येतच नव्हते. का, असे विचारल्यावर त्यांनी सुरीचे टोक आम्ही आलो त्या दिशेला, डोंगरापलीकडे रोखले आणि एकच शब्द उच्चारला : ऊस.

मला पुढचे काही सांगावे लागले नाही. माझे माहेर सांगली जिल्ह्यातले, आणि वडिलांचे शेत पाटाच्या शेवटाला. वरच्यांचा ऊस भिजून उरले तर खाली पाणी, आणि आवर्तन सुटल्याची बातमी आम्हांला पाण्याच्या आधी वर्तमानपत्रातून कळत असे. पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यात, हीच तक्रार ऐकायला मिळेल असे मात्र वाटले नव्हते.

मुक्कामी परतल्यावर मी त्याविषयी मिळेल ते वाचून काढले. माउईचा पूर्व उतार पावसाने चिंब आणि मधले मैदान कोरडे. १८७५ मध्ये अमेरिकेशी झालेल्या कराराने हवाईच्या साखरेवरची जकात उठली, आणि लगेच १८७६ ते १८७८ या काळात अलेक्झांडर आणि बाल्डविन या मळेवाल्यांनी पूर्वेकडचे ओढे अडवून पाणी मैदानातल्या उसाकडे नेणारा पहिला मोठा पाट खोदला. पुढे त्यात भर पडत पाट आणि बोगदे मिळून सुमारे ७४ मैलांचे जाळे झाले. कामाच्या दृष्टीने ते अचाट आहे, यात शंका नाही. घनदाट जंगलाच्या कड्यांमधून, त्या काळच्या हत्यारांनी, मजुरांच्या हातून झालेले काम. पण ओढ्यांच्या तोंडाशी जे लोक पिढ्यान्‌पिढ्या अळू लावत होते, त्यांचे पाणी त्यात गेले. २००१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी २७ ओढ्यांसाठी सरकारी जल आयोगाकडे दाद मागितली. उसाचा शेवटचा मळा आणि कारखाना २०१६ अखेरीस बंद पडला. २०१८ मध्ये आयोगाने अळूच्या शेतीसाठी १० ओढे पूर्णपणे मोकळे करण्याचा आदेश दिला. म्हणजे पाणी परत मिळायला ऊस संपावा लागला, असे मी म्हणते. कायद्याच्या लढाईचे श्रेय आहेच, पण तारखा पाहता दुसरे काही म्हणता येत नाही.

त्या गृहस्थांनी मला विचारले होते, तुमच्याकडे अळूचे काय करतात? मुलीने फोनवर अळूवडीचा फोटो काढून दाखवला. पानाला बेसन लावून गुंडाळायचे, उकडायचे, काप करून तळायचे. घसा खाजू नये म्हणून चिंच लावतो, हे ऐकून ते हसले; तिथे पाने तासन्‌तास शिजवून खाज मारतात, आणि त्याच पानांत डुकराचे मांस बांधून वाफवतात. कंद गरगटून त्याचे ते पोई करतात. पोई मी नंतर हानाच्या दुकानातून घेऊन चाखले. करड्या-जांभळ्या रंगाचे, किंचित आंबूस, चिकट. एकटे खाल्ले तर कळत नाही; खारट माशाबरोबर पुष्कळच बरे लागते.

या सगळ्यात बराच वेळ गेला. ॲप मधून मधून खाकरत होते. जावईबापू गाडीचे दार उघडे ठेवून उभे होते आणि अखेरीस फार अदबीने म्हणाले, "आई, आपला काळ्या वाळूचा स्लॉट तीन वाजता संपतो."

हा स्लॉट म्हणजे वाइआनापानापा उद्यानाचा. बाहेरून आलेल्या पर्यटकांना आता तिथे आधी नोंदणी करावी लागते, माणशी पाच डॉलर आणि गाडीचे दहा, आणि आत शिरण्याची वेळही ठरलेली, त्यातले आमचे साडेबारा ते तीन. गर्दी आवरण्यासाठी हा उपाय योग्यच आहे, हे मी मान्य करते. पण घड्याळाला बांधलेला समुद्र पाहण्यात जी मजा असते ती असते. पुढची वाट आम्ही त्या घाईत कापली. मी मात्र प्रत्येक पुलावर खालच्या धबधब्याऐवजी वरच्या अंगाला पाहत गेले, आणि एका पुलापाशी झाडीत लपलेला एक पाट खरोखरच दिसला : दगडी काठ, गंजलेल्या चाकाचे लोखंडी दार, आणि दाराच्या फटीतून सुटणारी बारीक धार. कारंज्याजवळच्या फलकावर माहिती असते तशी तिथे काही नव्हती. ॲपलाही तो माहीत नव्हता.

काळी वाळू सुंदर आहे. लाव्हाचे खडक लाटांनी फुटून झालेली ती वाळू ओली असली की डोळ्यांना शाईसारखी गडद दिसते आणि तळव्यांना चांगलीच टोचते. पलीकडच्या गुहेतल्या गोड्या पाण्याच्या डोहाची एक क्रूर कथा आहे, नवऱ्याने ठार मारलेल्या राजकन्येची, आणि अधूनमधून पाणी लाल होते ते तिच्या रक्ताने असे मानतात. प्रत्यक्षात ते इवल्या लाल कोळंब्यांमुळे होते. आम्ही गेलो तेव्हा पाणी स्वच्छ होते आणि पायऱ्यांवर रांग होती. हाना गावात जेवलो, पोई घेतले, आणि परत फिरलो. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या कागदात पुढच्या कच्च्या रस्त्याला मनाई होती, त्यामुळे बेटाला वळसा घालून दक्षिणेकडून परतणे शक्य नव्हते. तीच वळणे, तेच पूल, उलट क्रमाने, आणि शेवटी शेवटी अंधारात. अंधारात पलीकडून येणारा हात करतो की नाही हे दिसत नाही, त्यामुळे ह्यांचा हिरमोड झाला.

जाणाऱ्यांना सल्ला द्यायचाच, तर हानाला एक रात्र मुक्काम करावा असे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. तिथल्या खोल्यांची भाडी पाहिल्यावर आम्ही तो विचार सोडून दिला होता, एवढेच. मी पुन्हा गेले तर केआनाएपर्यंत जाईन, तिथल्या लोकांकडून जे काही विकायला असेल ते घेईन आणि तिथूनच गाडी वळवायला सांगेन. जावईबापूंना हे अजिबात मान्य नाही. हानाच्या पुढे किपाहुलूपर्यंतचे बरेच थांबे त्यांच्या ॲपमध्ये न ऐकलेले शिल्लक आहेत, आणि ते ॲप त्यांनी कायमचे विकत घेतलेले आहे.